फाटक्या हस्तपत्रकाचा भाव

संगीत नाटकाच्या प्रेक्षकाच्या हाती दोन प्रकारचा छापील कागद पडत असे. एक हस्तपत्रक, म्हणजे बोलीतले हँडबिल: खेळाआधी गावात वाटलेला पातळ, बहुधा रंगीत कागद. त्यावर मंडळीचे नाव, नाटक, वार, तारीख, नाट्यगृह, तिकिटांचे दर आणि ज्यांच्या नावावर गर्दी लोटे अशा नटांची नावे. दुसरे पदांचे पुस्तक. ते विकत घ्यावे आणि पद सुरू झाले की त्यातले शब्द धरून ऐकावे, अशी रीत होती. लंडन-न्यूयॉर्कच्या संगीतिकांत ‘प्रोग्रॅम’ नावाची पुस्तिका जे काम करते, ते आपल्याकडे या दोघांत वाटले गेले होते. पदांचे पुस्तक निदान पुस्तक म्हणून कपाटात गेले. हस्तपत्रकाचे आयुष्य मात्र खेळाच्या रात्रीपुरते. म्हणून आज जे थोडे उरले आहे त्याला मोल आले आहे, आणि ते मोल कसे ठरवावे याबद्दल दोन मते आहेत. संग्राहकाचे मत पुढे त्याच्याच तोंडी ठेवले आहे. हा संग्राहक कोणी एक माणूस नाही. जुना कागद जमवणाऱ्यांत सर्रास ऐकू येणारी भूमिका त्याने घेतली आहे, आणि ती जितकी बळकट मांडता येईल तितकी मांडली आहे. दुबळ्या पूर्वपक्षाला उत्तर देऊन काही साधत नाही.

संग्राहक : जुन्या कागदाचा भाव तीन गोष्टींवर ठरतो: नाव, दुर्मिळता आणि स्थिती. बालगंधर्वांचे नाव असलेले पत्रक आणि कोणा विसरलेल्या मंडळीचे पत्रक यांना एकच भाव कोण देईल? ८ जुलै १९२१ च्या ‘मानापमान’ नाटकाच्या संयुक्त प्रयोगाचे एखादे अस्सल पत्रक निघाले, तर त्यासाठी माणसे रांग लावतील. एकीकडे गंधर्व मंडळी, दुसरीकडे केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श मंडळी. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवरावांचा. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. त्यानंतर तीन महिने होतात न होतात तोच, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. असा योग पुन्हा येणे नव्हते. हे सगळे त्या एका कागदात साठलेले असते, आणि लोक पैसे मोजतात ते त्यासाठी. कागद कोरा करकरीत असेल, घडी नसेल, डाग नसेल, कोणी त्यावर गिरमिटले नसेल, तर भाव चढतो. नाणी, तिकिटे, चित्रे या सगळ्यांना हाच नियम लागतो. नाटकाच्या कागदासाठी वेगळा नियम का हवा?

लेखक : कारण नाण्यासारखे नाणे टांकसाळीतून हजारोंनी निघते आणि सगळी सारखी असतात. हस्तपत्रक एका गावी, एका रात्रीसाठी छापले जाते, आणि त्या रात्रीचा दुसरा लेखी पुरावा पुष्कळदा उरलेलाच नसतो. तुमच्याच उदाहरणापासून सुरुवात करू. संयुक्त मानापमानाची तारीख, नट, हेतू हे सगळे तुम्ही आता घडाघडा सांगितले, आणि ते पत्रक तर तुम्ही पाहिलेलेही नाही. आठवणींची पुस्तके, चरित्रे, वृत्तपत्रे यांत त्या रात्रीबद्दल इतके लिहिले गेले आहे की पत्रक हाती आले तरी आपल्या ज्ञानात भर फार थोडी पडेल. त्याचे मोल भावनेचे आहे, आणि त्या भावनेला मी कमी लेखत नाही. माझ्याही मनात ती आहे. पण आता दुसरा कागद समोर धरा. बेळगावकर स्त्री संगीत नाटक मंडळीसारख्या, स्त्रियांनी चालवलेल्या मंडळ्या आपल्याकडे होऊन गेल्या. ज्या काळात भामिनी आणि शकुंतला पुरुष करत होते, त्याच काळात या मंडळ्यांत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रिया करत. रंगभूमीच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला बहुधा एखादा परिच्छेद येतो. अशा मंडळीचे एखादे फाटके, वाळवीने अर्धे खाल्लेले पत्रक निघाले आणि त्यावर गाव, तारीख, दर आणि चार नटींची नावे वाचता आली, तर त्या एका कागदाने तो परिच्छेद बदलतो. मोल ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: हा कागद नसता तर आपल्याला काय कळले नसते? नाव आणि स्थिती हे त्यानंतरचे प्रश्न.

संग्राहक : प्रश्न चांगला आहे, पण तो विद्वानांचा आहे. शिवाय पत्रक म्हणजे जाहिरात, आणि जाहिरातीवर विश्वास ठेवून इतिहास लिहिणार? नट आजारी पडत, पाऊस येई, प्लेगामुळे गावे ओस पडत, मंडळीत भांडण होई. पत्रकावर एक नाव असे आणि रंगमंचावर भलताच उभा राही. तुमच्या पुराव्याचा पायाच भुसभुशीत आहे.

लेखक : हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात तथ्य आहे. हस्तपत्रक जे ठरले होते ते सांगते. जे घडले ते सांगत नाही. पण ठरले काय होते, हीसुद्धा माहितीच आहे, आणि पुष्कळदा ती दुसरीकडे मिळत नाही. ‘संगीत शाकुंतल’ घ्या. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला असे आपण शाळेपासून ऐकतो. पण त्या दिवशी प्रयोग झाला तो पहिल्या चार अंकांचा. ‘सौभद्र’ १८ नोव्हेंबर १८८२ ला रंगमंचावर आले तेही आधी तीन अंकांपुरतेच. म्हणजे ज्याला आपण पहिला प्रयोग म्हणून डोक्यावर घेतो, ते पुष्कळदा अर्धवट नाटक होते. अण्णासाहेब किर्लोस्कर लिहीत होते, मंडळी बसवत होती आणि जेवढे तयार झाले तेवढे लोकांपुढे येत होते. तेव्हा अंक किती आणि किती वाजता सुरुवात, अशा ओळी पत्रकावर असतील तर एखादे नाटक कसकसे वाढले याचा तो थेट दाखला ठरतो. आता पत्रक खोटे बोलले का, हे तपासायचे तर त्याच आठवड्याची वृत्तपत्रे आहेत, कोणाच्या रोजनिशा आहेत, आणि कित्येकदा पत्रकाची मागची बाजू आहे. तुम्ही ज्याला गिरमिटणे म्हणता ते तिथेच असते. एखाद्या प्रेक्षकाने पेन्सिलीने ‘खेळ झाला नाही’ एवढेच लिहून ठेवले असेल, किंवा छापलेल्या नटाच्या नावावर काट मारून दुसरे नाव लिहिले असेल, तर बाजाराच्या नियमाने त्या कागदाचा भाव उतरतो. माझ्या नियमाने तो दुप्पट व्हायला हवा, कारण ठरलेले आणि घडलेले या दोहोंचा पुरावा एकाच तुकड्यावर आला. आणि अशी टिपणे पुसून कागद ‘स्वच्छ’ करून विकणारे आहेत, हे तुम्हीही नाकारणार नाही.

संग्राहक : नाकारत नाही. कडा कापून चौकटीत बसवणारेही आहेत. गिऱ्हाइकाला भिंतीवर लावायला तसेच हवे असते.

लेखक : त्या कापलेल्या कडेवर काय होते ते पाहू. १८६७ च्या छापखाने आणि पुस्तके यांच्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण छापणे बंधनकारक केले. म्हणून पत्रकाच्या तळाशी, अगदी बारीक टायपात, छापखान्याची ओळ असते. फिरती मंडळी पत्रके मुक्कामाच्या गावी छापून घेई, तेव्हा त्या ओळीवरून मुक्काम कळतो. छापखान्याचा काळ ठाऊक असेल तर वर्षही जवळपास धरता येते. चौकटीत शोभत नाही म्हणून ती ओळ कातरली की मुक्काम गेला, छापखाना गेला आणि तारीख ठरवण्याचा एक दोराही गेला. आणि तारीख हाच तर या कागदांचा खरा तिढा आहे. पत्रक त्याच आठवड्यात वाचायचे असल्यामुळे वार आणि तारीख छापत. सन पुष्कळदा छापतच नसत. समजा, मानापमानाचे एक पत्रक आहे आणि त्यावर ‘रविवार, ता. १२ मार्च’ एवढेच आहे. मानापमानाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ ला झाला आणि तो रविवार होता. विकणारा लगेच सांगेल, पहिल्या प्रयोगाचे पत्रक! पण १२ मार्चला रविवार १९१६ सालीही आला आणि १९२२ सालीही. म्हणजे निदान तीन वर्षे उमेदवार आहेत आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आता मंडळीचे नाव वाचा. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. पत्रकावर गंधर्व मंडळी असेल तर १९११ बाद. किर्लोस्कर मंडळी असेल आणि नटांत या तिघांपैकी कोणी असेल तर १९१६ आणि १९२२ बाद. मंडळी किर्लोस्कर आणि नावेच नसतील, तर प्रामाणिक पारख करणाऱ्याने अशी सगळी वर्षे लिहावीत आणि पहिल्या प्रयोगाचा भाव मागू नये. पुढच्या काळातल्या पत्रकांना आणखी खुणा असतात. दर आण्यांत असले तर कागद बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, ‘नवे पैसे’ असले तर १९५७ ते १९६४ यांच्या दरम्यानचा, पत्त्यात पिन कोड असला तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. हे काम कंटाळवाणे वाटेल, पण पारख यालाच म्हणतात. कागद हातात घेऊन ‘वा, काय जुना आहे’ असे म्हणणे म्हणजे पारख नव्हे.

संग्राहक : तारखेचे पटले. पण मग पदांच्या पुस्तकांचे काय? ती हजारोंनी छापली गेली, पुन्हा पुन्हा निघाली. नाटकाची पूर्ण संहिता छापील उपलब्ध आहे, पदे तबकड्यांवर आहेत. त्या चिटोऱ्या पुस्तिकांत असे काय उरले की तुम्ही त्यांना पुरावा म्हणावे?

लेखक : त्यांच्यात संगीत उरले आहे, आणि ते अशा रूपात की जे तबकडीत मावले नाही. जुन्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत संपते. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत घेत रंगलेले पद आणि तबकडीवरचे पद यांत म्हणूनच अंतर पडते. आणि तबकडी निघाली ती निवडक पदांची. ‘शाकुंतला’त दोनशेहून अधिक पदे होती. ती सगळी कशी म्हणत, हे कळायला पदाच्या डोक्यावर छापलेली ‘चाल’ची ओळ हाच आधार. अमुक पदाच्या चालीवर, अमुक राग, अमुक ताल. किर्लोस्करांनी कानडी मुलखातल्या चाली उचलल्या, कीर्तनातल्या साक्या-दिंड्या घेतल्या. मूळ गाणी लोक विसरले तरी कुठल्या गाण्यावरून चाल घेतली त्याचे नाव त्या ओळीत राहिले आहे. १० डिसेंबर १९१६ ला ‘स्वयंवर’ आले तेव्हा भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी नाट्यपदांत आणल्या. चालींच्या ओळी एकापाठोपाठ एक वाचत गेलात तर हे वळण तुम्हाला कानाने नव्हे, डोळ्यांनी दिसते. एकाच नाटकाची दहा-वीस वर्षांच्या अंतराने निघालेली पदांची पुस्तके शेजारी ठेवली की कुठली पदे गळली, कुठली नवी शिरली, तेही कळते. संहितेच्या छापील आवृत्तीत हे सापडत नाही, कारण ती वाचकासाठी असते. पदांचे पुस्तक त्या हंगामात रंगमंचावर जे म्हटले जाई त्यासाठी असते. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ ला बडोद्यात झाला, नाटककार गडकरी गेल्यानंतर महिन्याभराने. त्याची पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची. गुर्जरांचे श्रेय कुठल्या पुस्तिकेत ठळक आहे, कुठल्यात बारीक, कुठल्यात गाळलेले, हे कोणी ओळीने पाहिले तर कर्तृत्वाच्या वाटणीचा एक छोटा पण न्याय्य अभ्यास होईल. हजारोंनी छापली हे तुम्ही म्हणालात त्यावरही सांगतो. १८६७ च्याच कायद्याखाली मुंबई इलाख्यात निघालेल्या पुस्तकांच्या तिमाही याद्या सरकार छापत असे, आणि त्यांत पृष्ठे, आवृत्ती, किंमत आणि छापलेल्या प्रतींची संख्या दिलेली असे. तेव्हा दुर्मिळता अंदाजाने सांगण्याची गरज नाही. विकणाऱ्याने ‘अतिदुर्मिळ’ हा शब्द वापरण्याआधी ती यादी उघडून पाहावी.

संग्राहक : आणि नकली माल? पुनर्मुद्रण जुने म्हणून खपवतात, ते?

लेखक : लेखनाकडे पाहावे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले आणि ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पदें’ यांतले न उच्चारले जाणारे अनुस्वार छापील मराठीतून गेले. १९२० चे म्हणून विकले जाणारे पुस्तक सरळ ‘पदे’ आणि ‘काही’ छापत असेल तर शंका घ्यायलाच हवी. उलट मात्र खरे नाही, हेही सांगायला हवे. जुन्या वळणाचे मुद्रक १९६२ नंतरही अनुस्वार देत राहिले, त्यामुळे अनुस्वार दिसला म्हणून कागद जुना ठरत नाही. एकाच खुणेवर भिस्त ठेवणारा पारखी लवकर फसतो.

संग्राहक : ठीक. तुमचे सगळे मान्य केले तरी एक गोष्ट उरते. माहितीच हवी असेल तर दोन्ही बाजूंची चांगली छायाप्रत घ्या, जगाला द्या, आणि मूळ कागद आमच्याकडे राहू द्या. आम्ही त्याला हवा तो भाव देऊ. आणि एक विसरू नका: आम्ही नसतो तर हे सगळे रद्दीत गेले असते. घरातला म्हातारा माणूस गेला की गठ्ठे तागडीत जातात. संस्थांचे काय होते तेही आपण पाहतो. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी उभारलेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळाले. दगडी इमारत जळते तिथे कपाटातल्या कागदाची काय कथा!

लेखक : रद्दीपासून तुम्ही वाचवलेत, याबद्दल अभ्यासकांनी तुमचे ऋण मानलेच पाहिजे, आणि ते पुरेसे मानले जात नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला रंगभूमीचा प्रचंड संग्रह मुळात गॅब्रिएल एन्थोवेन या एका संग्राहक बाईंचा. त्यांनी तो १९२४ मध्ये दिला, त्यात ऐंशी हजारांहून अधिक जाहिरातपत्रके होती. पण बाई देऊन थांबल्या नाहीत. पुढची कित्येक वर्षे त्या तिथेच बसून संग्रह लावत राहिल्या, नाट्यगृह आणि तारीख यांच्या क्रमाने. मला तुमच्याशी भांडायचे आहे ते नेमके या क्रमावरून. एका घरातून गठ्ठा निघतो. त्यात एका गावच्या एका नाट्यवेड्या माणसाने वीस वर्षे जपलेली शंभर पत्रके असतात. तुम्ही त्यातली बालगंधर्वांची चार उचलता, दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत मंडळीची दोन उचलता, आणि बाकीची चौऱ्याण्णव ‘किरकोळ’ म्हणून सोडता. त्या सहांचा भाव चढतो, पण गठ्ठा मोडला की त्या गावात वीस वर्षांत कोणत्या मंडळ्या आल्या, किती दिवस राहिल्या, दर कसे चढले, बोलपट आल्यावर खेळ कसे कमी झाले, हे सगळे कायमचे गेले. हा गठ्ठाच मुळात एक दस्तऐवज होता. छायाप्रत याला उपाय आहे, पण अर्धाच. छायाप्रतीवरून कागदाची जाडी, जलचिन्ह, शाईचा उठाव कळत नाही, आणि जे कागद तुम्ही सोडून दिले त्यांची छायाप्रत तर कोणीच काढलेली नसते. नाट्यगृहाच्या आगीचा तुमचा मुद्दा मी पूर्ण स्वीकारतो. सगळे एकाच इमारतीत ठेवणे हा वेडेपणा आहे. कागद तुमच्या घरी, त्याची प्रत संस्थेत आणि यादी सर्वांपुढे, ही व्यवस्था मला चालेल. माझी अट एवढीच की गठ्ठा मोडू नये, आणि मोडायचाच असला तर मोडण्याआधी तो ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने त्याची यादी व्हावी. भाव लावणाऱ्याने ‘कोणत्या गावच्या, कोणत्या गठ्ठ्यातून’ ही ओळ नसलेल्या पत्रकाचा भाव कमी करावा. बाजार एवढे एक जरी शिकला तरी गठ्ठे आपोआप शाबूत राहतील, कारण मग ते मोडण्यात तुमचाच तोटा असेल.

संग्राहक : आणि परदेशातल्या लिलावात याला जास्त किंमत येत असेल तर?

लेखक : तिथे कायदा पाहून पाऊल टाका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलाचा दस्तऐवज ७५ वर्षे जुना झाला की पुरावस्तू ठरू शकतो, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. १९२१ चा कागद त्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेला आहे.

संग्राहक : मग शेवटचे सांगा. दोन कागद आहेत. एक बालगंधर्वांचे, सोनेरी चौकटीतले, कडा कातरलेले, कुठून आले ते ठाऊक नसलेले. दुसरे आडगावच्या खेळाचे, अनोळखी मंडळीचे, मधून फाटलेले, मागे पेन्सिलीने दोन ओळी लिहिलेले, गठ्ठ्यासह. तुम्ही कुठल्याला जास्त भाव लावाल?

लेखक : दुसऱ्याला, आणि अंतर थोडेथोडके ठेवणार नाही. ज्यांच्या माळ्यावर असा गठ्ठा अजून आहे त्यांना मात्र भावाच्याही आधी चार गोष्टी सांगायच्या आहेत. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, कागद लॅमिनेट करू नका; दोन्हींनी तो कायमचा बिघडतो. कडा कातरू नका. मागचे लिखाण पुसू नका. आणि कोणालाही दाखवण्याआधी, वरून खालपर्यंत जसा आहे त्या क्रमाने, प्रत्येक पत्रकाचे पुढून आणि मागून छायाचित्र काढून ठेवा.